सुलाबाईचा डावा हात

"हाताला पाणी लावू नका, आजी," असं नाक्यावरच्या हवालदारानं बजावलं होतं.

यशराजनं घरी आल्यावर ते हसत हसत सांगितलं, आणि बाजेवर पडल्या पडल्या त्याची बहीण शिवांजलीही हसली. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला आणलेल्या बाईनं म्हणे हाताला पाणी लावायचं नाही! आचाऱ्यानं चुलीजवळ जायचं नाही, त्यातलीच गत.

"हसू नको ताई. शिक्का पुसला तर गुन्हा दाखल होतोय, असं पण म्हणाला तो."

"अरे, मतदानाची शाई असते ती. बोटावरची तरी लवकर जाते का?" बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेली शिवांजली म्हणाली. "आणि मावशी कुठं घराबाहेर पडणार आहेत? कोण बघतंय त्यांचा हात?"

विषय तिथंच संपला. बाळ रडायला लागलं होतं.

दोन हजार वीसचा वैशाख होता तो. सगळं बंद. शिवांजलीचं पहिलं बाळंतपण आष्ट्याजवळच्या माहेरी झालं, पण माहेरात आई नव्हती. ती शिवांजलीच्या लग्नाआधीच गेलेली. घरात वडील दादासो आणि भाऊ यशराज, दोघं पुरुष. गावात न्हाऊ घालणारी एक बाई होती, पण ती कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायला तयार नव्हती. नवरा वीरधवल फौजेत, तो तिकडं लांब अडकलेला. सासूबाई गुरं सोडून निघू शकत नव्हत्या. शेवटी त्यांनीच आपल्या गल्लीतल्या सुलाबाईला धाडायचं ठरवलं. कऱ्हाडकडच्या चिंचमळ्यातली ही बाई. वीरधवलला जन्मल्यावर पहिलं पाणी हिनंच घातलेलं, आणि त्या गल्लीतल्या निम्म्याअधिक माणसांनाही.

एरवी तासा-दीड तासाचा रस्ता. पण तेव्हा सातारा जिल्ह्यातून सांगली जिल्ह्यात यायचं म्हणजे परमुलखात शिरल्यागत. यशराज पास काढून गाडी घेऊन गेला आणि हद्दीवरच्या नाक्यावर सुलाबाईच्या डाव्या पंजाच्या पाठीवर जांभळट काळा गोल शिक्का उमटला. पंधरवडाभर घरातच राहायचं, असा त्याचा अर्थ.

सुलाबाई गाडीतून उतरली ती तो हात पदराखाली झाकूनच.

"बाजारात बैलाला डाग देत्यात, तसा दिला बग पोरी मला," ती म्हणाली. "दावणीला कुठं बांदतीस ते सांग आता."

दुसऱ्या दिवसापासून न्हाणीत घंगाळ वाफाळायला लागलं. सुलाबाई पाटावर बसायची, लुगडं गुडघ्यापर्यंत सारून पाय लांब सोडायची आणि नडग्यांवर बाळाला पालथं घालायची. मग तिचे हात चालू व्हायचे. खोबरेल तेल, मग डाळीचं पीठ नि हळद, मग सोसेल तेवढं गरम पाणी. तोंड तर अखंड चालू. "आगं व्हय गं, राणीसरकार! नाक कुनी चपटं केलं गं तुजं? बापानं? येऊ दे त्याला रजंवर, त्याचं बी वडते." बाळ आधी किंचाळायचं आणि मग त्या पायांवरच पेंगायला लागायचं.

शिवांजली दारात उभी राहून टक लावून बघायची. पाणी कानात तर जात नाही? मान तर लचकत नाही? तिच्या जिवाला घोर. सुलाबाईला ती बाळाला हात लावण्याआधी साबण लावायला लावायची, आणि नंतरही.

"मावशी, साबण."

"आत्ता धुतलं की गं."

"परत धुवा. मधे कडीला हात लागला तुमचा."

"कातडं सोलून देऊ का?" सुलाबाई कुरकुरायची, पण धुवायची. आणि त्या दिवसांत कुणालाही फोन लावला की समोरचा माणूस बोलायच्या आधी फोनच सांगायचा, हात वारंवार धुवा. सगळा देश हात धूत होता. त्यात तेल, पीठ, कढत पाणी आणि साबण यांत दिवसभर असलेला तो एक हात. शिक्का आधी कडेनं विरला, मग मधली तारीख गेली, मग नुसती काळसर झाक उरली. ते घरात कुणाच्या ध्यानातही आलं नाही. बाळावरून नजर हटत नव्हती, शिक्क्याकडं कोण बघतंय?

बघितलं ते नानासोंनी. समोरच्या घरातले नानासो म्हणजे गावच्या दक्षता समितीतले. गळ्यात ओळखपत्र, हातात शिट्टी. बाहेरगावाहून आलेल्या माणसांना फाटकापाशी बोलावून त्यांचे हात बघायचं काम त्यांच्याकडं होतं आणि ते ते देवपूजेसारखं करायचे. सुलाबाई अंगणातल्या दोरीवर लंगोट वाळत घालत होती.

"ओ बाई! हात दाखवा."

सुलाबाईनं हात पुढं केला. तेलानं लख्ख. नानासोंनी फोन काढून त्याचा फोटो घेतला.

"शिक्का कुटं गेला?"

"गेला पान्यात."

"गेला न्हाई, घालवला! फिरायला मोकळं व्हायला घालवला तुमी."

"फिरायला?" सुलाबाईनं लंगोट झटकला. "तुमच्या गावात बगायला हाय तरी काय वं? तुमी?"

यशराज खो खो हसला. नानासो हसले नाहीत. तो फोटो समितीच्या ग्रुपवर पडला आणि तिथून पुढं गेला.

सकाळी पोलिसांची पांढरी गाडी आली तेव्हा बाळ सुलाबाईच्या पायांवर होतं. अंगाला पीठ लावून झालेलं, पाणी घालायचं बाकी. न्हाणीच्या दारात तोंड बांधलेले दोन पोलीस उभे राहिले. "चला बाई," त्यातला एक म्हणाला.

"एवडं घंगाळ सपू द्या," सुलाबाई म्हणाली. "अंगाला पीट तसंच ऱ्हायलं तर पोराला खाज सुटंल."

आणि पोलीस खरंच थांबले. तिनं पाणी घातलं, बाळाला पुसलं, शेगडीवर ओवा टाकून धुरी दिली, टाळूवर तेल जिरवलं, घट्ट बांधलं आणि शिवांजलीच्या हातात दिलं. मग ओलं लुगडं पिळलं आणि निघाली. शिवांजली म्हणत होती, "अहो, त्या बाहेर गेल्याच नाहीत, साबण मी लावायला लावलाय." पण तोंड बांधलेल्या माणसांना तिचं बोलणं ऐकू आलं की नाही, ते कळलं नाही. त्यांचे फक्त डोळे दिसत होते. मोठ्या पोलिसानं दादासोंना विचारलं, "कोण लागते ही तुमची?"

दादासो पायरीवर उभे होते. गावात राहायचं होतं त्यांना, आणि घरात पंधरा दिवसांचं मूल होतं. ते म्हणाले, "आमची न्हाई, सायेब. पोरीच्या सासरकडनं आलीया."

सुलाबाईनं ते ऐकलं. तिनं मागं वळून बघितलं नाही.

साथीचा कायदा तसा सव्वाशे वर्षांपूर्वीचा; त्याला रातोरात नवे नियम जोडले होते, आणि त्या नियमांखाली रोज नवा आदेश निघायचा. सकाळचा दुपारी जुना व्हायचा. त्या गडबडीत सुलाबाईवर गुन्हा बसला. शिक्का पुसला, विलगीकरण मोडलं, रोग पसरेल असं वागली. रोग तर तिला नव्हताच. एका वसतिगृहात ठेवून तपासलं तेव्हा तसं निघालंही. बाळाला नव्हता, घरात कुणाला नव्हता. पण गुन्हा रोगाचा नव्हता, शाईचा होता.

सोडताना तिथं तिच्या हातावर दुसरा शिक्का मारला. मारणारा साहेब कोण होता ते तिलाही सांगता येत नाही. त्याचंही तोंड बांधलेलंच. बिचारा कंटाळलेला असणार, दिवसभर शेकडो हात त्याच्यापुढं येत असणार. तो म्हणाला, "आता केस संपेपर्यंत हा शिक्का गेला ना आजी, तर सरळ आत टाकीन."

त्यानं ते वैतागून म्हटलं आणि विसरला. सुलाबाईनं ते मनावर कोरून घेतलं.

शिवांजलीला हे सारं पुढं कळलं. तेव्हा तिला एवढंच कळलं, की मावशी चिंचमळ्याला पोचल्या. बाळ मोठं होत होतं. बारसं चौघांत झालं, नाव प्रियदर्शनी ठेवलं. पण आंघोळीची वेळ झाली की शिवांजलीला न्हाणीतून कुणीतरी बोलल्यासारखं वाटायचं. दार ढकलावं तर आत पाट कोरडा. ती बाळाला स्वतःच न्हाऊ घालायची, तिला पाय लांब सोडून बसता यायचं नाही, बाळ रडरड रडायचं. बाहेर गाडीचं दार वाजलं की ती बाळाला साबणासकट उचलून छातीशी धरायची. एकदा वडील म्हणाले, "आगं, दूधवाला हाय." तिनं ऐकलं, पण बाळ खाली ठेवलं नाही.

तीन-चार वर्षं गेली. शिवांजली सासूबाईंबरोबर कऱ्हाडात खोली घेऊन राहत होती, गुरांसाठी सासूबाईंची चिंचमळ्याला ये-जा असायची; लेक बालवाडीत जायला लागली होती. एके दुपारी प्रियदर्शनी घरी आली ती नाचतच, "आई बघ, बाईंनी मला काय दिलं!" आणि तिनं डावा हात पुढं केला. गोऱ्या, गुबगुबीत पंजाच्या पाठीवर जांभळा शिक्का. चांदणी होती ती. गाणं छान म्हटलं म्हणून बाईंनी उमटवलेली.

शिवांजलीला चांदणी दिसलीच नाही. तिनं पोरीला उचलून मोरीत नेलं आणि घासायला घेतलं. साबण, मग पीठ, मग नारळाची शेंडी. पोर ओरडत होती, "आई दुखतंय, माझी चांदणी!" सासूबाई धावत आल्या आणि त्यांनी शिवांजलीचा दंड धरला.

"येड लागलं का तुला? हात लाल केलास लेकराचा!"

शिवांजली मोरीतच खाली बसली. पोरीचा हात आपल्या गालाला लावून तिनं विचारलं, "आत्या, सुलामावशी कशा आहेत?"

सासूबाईंनी तुपाचं भांडं आणलं. पोरीच्या हाताला तूप लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांना आता कुनी बोलवत न्हाई न्हाऊ घालायला. कोन बोलवंल? पोलीस केसची बाई. आन् हात बी तसलाच करून घेतलाय."

"तसलाच म्हणजे?"

"जाऊन बग."

चिंचमळ्यातल्या त्या घरात सुलाबाई उंबऱ्यात बसली होती. डाव्या हाताला मनगटापर्यंत प्लास्टिकची पिशवी, वरून नाडीनं बांधलेली. उजव्या हातानं ती शेंगा फोडत होती, दगडावर ठेवून, मुठीनं. शिवांजलीला बघून तिचा चेहरा उजळला.

"आली का माजी पोर? नाक आलं का गं वर तिचं?"

"आलं, मावशी. हाताला काय झालं?"

सुलाबाईनं इकडंतिकडं बघितलं आणि नाडी सोडली. आतलं कातडं पांढरं, भेगाळलेलं, कडेला चिघळलेलं. आणि त्यावर तो गोल शिक्का, जसाच्या तसा. नाही, जसाच्या तसा नव्हता. बॉलपेननं गिरवलेला होता, पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं, इतका की रेघा कातडीत रुतल्या होत्या.

"शेजारची पोरं गिरवून देत्यात," ती म्हणाली. "लय चांगली हायती. म्हंत्यात, आज्जी आज फूल काडू का? म्या म्हंते न्हाई बाबा, हाय तसंच काड. सायबाचं हाय ते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एकदा पावसात भिजून गेलता निम्मा. रातभर झोपले न्हाई बग."

शिवांजलीनं तो हात हातात घेतला. ज्या हातानं तिच्या लेकीला माणसात आणलं, त्या हाताला इतकी वर्षं धड पाणी लागलं नव्हतं. त्याला वास येत होता.

त्या दिवसापासून शिवांजलीनं एकच ध्यास घेतला, की हा हात पाण्यात घालायचा. तिची कॉलेजातली एक मैत्रीण वकील झाली होती. तिनं केस हातात घेतली तेव्हा कळलं, की सुलाबाई प्रत्येक तारखेला एकटी एसटीनं तालुक्याच्या कोर्टात जायची, पिशवीतला हात मांडीवर ठेवून व्हरांड्यात बसायची आणि संध्याकाळी परत यायची. कधी नाव पुकारायचे, कधी नाही. वकील मैत्रीण म्हणाली, "अगं, शिक्का पुसणं हा गुन्हा आहे असं त्या वेळच्या आदेशात कुठं म्हटलेलंच नाही. बाई घराबाहेर गेली असं सांगणारा साक्षीदार नाही. हे उभंच राहायला नको होतं." नानासोंना बोलावलं, तर ते म्हणाले, "आता मला काय आठवत न्हाई बा."

केस सुटली. सुटली म्हणजे किती वेळात? पिंजऱ्यात उभी राहून सुलाबाईनं पदर सावरला, तेवढ्यात. न्यायाधीशांनी दोन वाक्यं म्हटली, पुढचं नाव पुकारलं. शिवांजलीच्या डोळ्यांत पाणी आलं. सुलाबाई मात्र पिंजऱ्यातून हलेना. तिनं पिशवी काढली आणि हात वर धरला.

"सायेब, ह्यो?"

न्यायाधीश पुढच्या कागदात होते. पट्टेवाल्यानं तिला बाहेर आणलं. "सुटला आजी तुमी. जावा आता."

"ह्यो कोन पुसनार?"

"घरी जाऊन साबणानं धुवा की!" तो हसला.

सुलाबाई हसली नाही. "मागल्या टायमाला साबनानंच धुतलावता," ती म्हणाली. "ज्यानं मारला त्यानं पुसाय पायजे. तोंडी सांगत्यात आन् पुन्यांदा धरत्यात."

आता त्या माणसाला कुठून आणायचं? तो कुठल्या खात्याचा, कुठं बदलून गेला, कुणालाच माहीत नव्हतं. वकिलीणबाईंनी समजावलं, सासूबाईंनी समजावलं, शिवांजलीनं बाळासारखं चुचकारून तो हात तांब्याखाली धरायचा प्रयत्न केला. सुलाबाईनं असा हिसका दिला, की तांब्या अंगणात जाऊन पडला.

मग वीरधवल रजेवर आला. सगळं ऐकून तो म्हणाला, "सरकारी माणसानंच सांगायला पायजे ना? मग मी कोण आहे? वर्दी घालतो, सॅल्यूट ठोकतो आन् सांगतो, की आज्जी, हुकूम निघाला. माझं पहिलं पाणी तिच्या हातचं. माझं ऐकंल ती."

शिवांजलीलाही ते पटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला हलकं वाटलं. तिनं नवा साबण घेतला, मऊ पंचा घेतला, खोबरेल तेल घेतलं. कडक इस्त्रीची वर्दी घालून वीरधवल दिवसाउजेडी गल्लीतून चालत गेला, मागोमाग साबण-पंचा घेऊन शिवांजली, तेव्हा पोरं मागं लागली. सुलाबाई उंबऱ्यातच होती.

तिनं वर बघितलं. तोंडाकडं नाही, वर्दीकडं. पट्टा, बूट, खांद्यावरची फीत. ती उठून उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले, बेडी घालायला करतात तसे.

"हाय सायेब, शिक्का हाय. बगा. कायम ठिवलाय. कुटं गेले न्हाई म्या."

"आज्जी, मी वीरू! तुझा वीरू गं!" वीरधवलनं टोपी काढली. पण तो एक पाऊल पुढं आला तशी ती मागं सरली, शिवांजलीच्या हातातला साबण तिनं बघितला, आणि तिचे डोळे फिरले. तिला काय वाटलं कोण जाणे. पुसायला लावून पुन्हा धरायला आलेत, हेच वाटलं असणार. तिनं दार लावून आतून कडी घातली. आतून तिचा आवाज येत राहिला, "आमची न्हाई सायेब, सासरकडची हाय. आमची न्हाई." दादासोंच्या पायरीवरचं ते वाक्य इतकी वर्षं तिच्या पोटात राहिलं होतं.

वीरधवल पायरीवर बसून हमसून हमसून रडला. फौजी माणूस, गल्ली बघत होती, तरी रडला.

त्यानंतर सुलाबाईनं शिवांजलीला दार उघडलं नाही. सासूबाई चिंचमळ्याला परत राहायला आल्या, त्या रोज उंबऱ्यावर ताट ठेवायच्या. कधी ताट रिकामं व्हायचं, कधी तसंच असायचं. "आत हाय एवडं कळतंय," त्या फोनवर सांगायच्या. "खोकला ऐकू येतोय." शिवांजलीला वीरधवलबरोबर लांबच्या छावणीत फॅमिली क्वार्टर मिळालं, त्यामुळं तिच्यासाठी आता तो खोकलाच काय ती बातमी. डॉक्टर न्यावा तर डॉक्टरचं तोंड बांधलेलं. त्याला बघून तर तिनं आतून खाटच दाराला लावली.

आणि आता शिवांजलीला पुन्हा दिवस गेलेत. नववा लागलाय. सासूबाई तिच्याकडं आल्या आहेत. येताना गुरं पाहुण्यांकडं सोडली आणि ताटाचं गल्लीत दोघी-तिघींना सांगून आल्या. हो हो म्हणाल्या सगळ्या. पण परवापासून त्यातली एकही फोन उचलत नाही. इथं शिवांजली दिवसभर खिडकीत उभी असते, पोटावर हात ठेवून, आणि सासूबाई म्हणतात, अगं बस, पाय सुजतील. ती बसत नाही.

म्हणून हे सगळं सांगायचं. तुम्ही कऱ्हाडकडं असाल, नाहीतर कामानिमित्त त्या बाजूला जाणार असाल, तर चिंचमळ्यात एवढं एक करा. गल्लीच्या शेवटी, पत्र्याच्या दाराचं घर. वर्दीत जाऊ नका, तोंडाला काही बांधू नका, पांढरी गाडी लांब लावा आणि चालत जा. शिक्क्याचं नाव काढू नका. बाई असाल तर बरं. कडेवर मूल असेल तर फारच बरं. "मावशी, पोराला न्हाऊ घालता का?" असं बाहेरूनच विचारा आणि थोडा वेळ थांबा. आतून काही आवाज येतोय का, तेवढं बघा. खोकला आला तरी चालेल. आणि आला नाही, तर कृपा करून तसेच माघारी फिरू नका, दार ढकला.